हिचा आवाज परत दे

मी बोलणारी बाई, लिहिणारी नव्हे. शाळेत निबंध पोरांनी लिहायचे आणि मी तपासायचे, एवढाच माझा लिहिण्याशी संबंध. पण हॉस्पिटलात मला पुन्हा गिळायला शिकवणारी जी मुलगी होती ती मागेच लागली. "काकू, तुमच्यासारखे नवीन पेशंट येतात, पार घाबरलेले असतात. त्यांच्यासाठी चार पानं लिहा ना." म्हटलं, लिहिते बाई. पण गोडगोड लिहिणार नाही.

तर पहिल्यांदा सांगून टाकते. मला घशाचा कॅन्सर झाला आणि माझं स्वरयंत्र काढून टाकलं. आता मी गळ्याच्या खाली केलेल्या भोकातून श्वास घेते. तोंडातून आवाज येत नाही, कुजबुजसुद्धा नाही. पुढे वाचताना "येईल का हो बाईंचा आवाज परत?" म्हणून कुणी आशेला लागू नये. मी लागले होते, आमच्या घरातलं आणखी एक माणूस लागलं होतं, आणि ही सगळी हकिगत त्याचीच आहे.

आमच्या घरची पाळी

आम्ही विश्रांतवाडीला राहतो. ख्रिस्ती माणसं. हे खडकीच्या कारखान्यात फिटर होते, मी पालिकेच्या शाळेत शिक्षिका. दोघंही रिटायर. एकुलती एक मुलगी ग्रेसी लग्न होऊन धायरीला असते, आयटीत आहे.

रात्रीच्या जेवणाआधी आमच्याकडे घरची प्रार्थना असते. सासूबाईंनी घालून दिलेली रीत. टेबलाभोवती जो जो बसलाय त्याने पाळीपाळीने मोठ्याने प्रार्थना करायची, बाकीच्यांनी शेवटी आमेन म्हणायचं. आणि आधी आभार, मग मागणं. कुणी आभार न मानता थेट मागायला लागलं की सासूबाई डोळे न उघडता खाकरायच्या. त्या गेल्या, पण नियम राहिला.

यांची पाळी आली की हे म्हणायचे, "सुलूने मागितलं तेच. आमेन." लग्न झाल्यापासून हेच. मी म्हणायचे, "अहो, देवाकडे पण माझ्याच नावाने हजेरी लावणार का?" त्यावर यांचं ठरलेलं उत्तर. "तुझं त्याच्याकडे वजन आहे. मी कशाला मध्ये?"

वजनाचं माहीत नाही, पण प्रार्थना मला यायची. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका फोन करायच्या, बाई, उद्या पोराचा इंटरव्ह्यू आहे, बाई, सुनेचे दिवस भरलेत. मी एका हाताने भाजी ढवळत फोनवरच प्रार्थना करायचे. रविवारी उपासनेत पाळकसाहेब म्हणायचे, "आता सुलभाबाई आपल्याला प्रार्थनेत चालवतील," आणि मी उभी राहायचे. माइक लागायचा नाही. भरलेल्या वर्गात डस्टर न आपटता शांतता करणारा आवाज होता माझा, त्याला माइक कशाला?

सदाशिव पेठ

आवाज बसला तो नाताळात. घरोघरी गाणी म्हणत फिरलो होतो, थंडी होती, वाटलं त्यानेच. ज्येष्ठमध चघळलं, हळद-मिठाच्या गुळण्या केल्या, शेजारणीने सांगितलेला काढा प्यायले. ईस्टरला वरच्या सुरात गेले तर नुसती हवा. ग्रेसी ओरडली, "मम्मी, धिस इज नॉट नॉर्मल. उद्या दाखवायचं म्हणजे दाखवायचं."

सदाशिव पेठेतल्या एका जुन्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नळी घालून पाहिलं, तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला त्या दिवशी आम्ही दोघंच गेलो होतो.

"बसा," डॉक्टर म्हणाले. "मिश्री लावायचात?"

"नाही."

"तंबाखू? यजमान विड्या वगैरे?"

"अहो, आमच्या घरात सुपारीसुद्धा नसते."

"मग काही बोलायलाच नको," असं म्हणून त्यांनी कागद पुढे सरकवला. मला वाचता येत होतं. मी तो यांच्याकडे सरकवला.

हे बोलले. चारचौघांत कधी तोंड न उघडणारा माणूस. "डॉक्टर, हिला बोलता येईल ना?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आधी जगता येईल असं बघू."

खाली येऊन यांनी स्कूटरला किल्ली लावली, चालू केली आणि परत बंद केली. मागे कुणीतरी हॉर्न वाजवत होता. "काका, काढताय का नुसते बसलाय?" हे म्हणाले, "काढतो, काढतो," आणि तरी बसूनच राहिले. मी मागे बसले होते. यांच्या पाठीवर हात ठेवावा असं मनात आलं, पण हातच उचलला नाही.

मागणं

मोठ्या हॉस्पिटलातही तेच सांगितलं. स्वरयंत्र काढावं लागेल, दुसरा इलाज नाही.

मंडळीत साखळी प्रार्थना लावली. म्हणजे दिवसाचे तास घराघरात वाटून घ्यायचे आणि एकाचा तास संपला की दुसऱ्याने सुरू करायचं, मध्ये खंड पडू द्यायचा नाही. प्रार्थनेत चिकाटी धरावी, दार उघडेपर्यंत ठोठावावं, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. सगळ्यांचं मागणं एकच, बाईंचा आवाज राहू दे. माझंही तेच. खरं सांगते, जगू दे असं मी एकदाही म्हटलं नाही. आवाज ठेव, बाकी तुझं तू बघ, असं म्हणत होते.

आमच्याच महिला मंडळातली एक बाई मला म्हणाली, "सुलभाबाई, विश्वासात कुठे उणं तर नाही ना पडत?" मी घोगऱ्या आवाजात म्हटलं, "पडत असेल. तुमच्याकडे एवढा जास्तीचा आहे, द्या की वाटीभर." ती परत आली नाही. बरं झालं.

आमच्या समोरच्या दारात कांबळेवहिनी राहतात. त्या बौद्ध. त्या एक दिवस मेथीची जुडी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मला काही तुमच्यासारखं देवाकडे मागता येत नाही हो वहिनी. पण मी बसते तुमच्यापाशी." आम्ही दोघींनी मिळून मेथी निवडली. त्या काही बोलल्या नाहीत आणि मलाही बोलायला लावलं नाही. त्या सगळ्या दिवसांत मला जरा बरं वाटलं ते तेवढंच. नवीन पेशंटच्या नातेवाइकांनो, हे वाचत असाल तर एवढं करा, मेथी घेऊन जा.

शेवटचं वाक्य

ऑपरेशनच्या दिवशी सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. ग्रेसी फोन धरून उभी, रेकॉर्ड करायला. मीही मनाशी जुळवून ठेवलं होतं. दिलेल्या आवाजाबद्दल आभार मानायचे, मग यांच्याशी दोन शब्द, मग ग्रेसीशी. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे, आधी आभार.

पण स्ट्रेचर ठरल्यापेक्षा लवकर आलं. ग्रेसी खाली औषधं आणायला गेलेली, हे सह्या करायला. मला आत नेलं. आत भयंकर गार होतं आणि मी तिथल्या मावशींना म्हटलं, "मावशी, एसी जरा बारीक करा ना." त्यांनी केला. मग तोंडावर मास्क आला.

झालं. माझ्या आवाजात मी बोललेलं शेवटचं वाक्य ते. म्हणून सांगते, जे बोलायचं असेल ते आदल्या दिवशी बोलून घ्या. मी अजून ते मनात जुळवत बसते.

पुढचं हॉस्पिटल फार सांगत नाही. नाकातून नळी, नळीतून पातळ अन्न, गळ्यातल्या भोकातून खरखर करत ओढून काढलेला कफ. ग्रेसीने एक पाटी आणून दिली, लिहायचं आणि बटण दाबलं की पुसलं जातं. आवाज जाणार हे सगळे सांगतात. बाकी काय काय जातं ते कुणी सांगत नाही. वास जातो. फोडणी करपली तरी मला कळत नाही. हसण्याचा आवाज जातो, आणि रडण्याचाही. बाजूच्या खाटेवरची बाई आपल्या मुलासाठी हुंदके देऊन रडायची, आणि मी तिच्याकडे बघून जळायचे. हो, जळायचे. रडायला मिळतंय म्हणून.

आणि फुंकर जाते. तोंडात हवाच येत नाही तर फुंकणार काय? पहिल्यांदा चहा मिळाला तेव्हा मी कप तोंडापाशी नेला, ओठांचा चंबू केला आणि तशीच बसून राहिले. यांनी कप घेतला, बशीत ओतला, फुंकर मारली आणि माझ्या हातात दिला. तेव्हापासून माझा चहा हेच निववतात.

आता सुलभाबाई

रेडिएशनचे शेक देऊन झाल्यावर एका रविवारी मी पहिल्यांदा चर्चला गेले. गळ्याभोवती स्कार्फ. पाळकसाहेब म्हणाले, "आपल्या सुलभाबाई आज आपल्यात आहेत, देवाचे आभार." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मागून कुणीतरी म्हणालं, प्रार्थना ऐकली गेली हो. मला वाटलं मागे वळून विचारावं, कोणती? आपण मागितलं काय होतं, ते तरी आठवतंय का?

मग पाळकसाहेबांनी समोरच्या कागदाकडे बघितलं आणि इतक्या वर्षांच्या सवयीने म्हणाले, "उभे राहू या. आता सुलभाबाई आपल्याला प्रार्थनेत चालवतील."

सगळी मंडळी उभी राहिली, माना खाली, डोळे मिटलेले. आमच्यात एकदा प्रार्थनेला डोळे मिटले की आमेन होईपर्यंत कुणी उघडत नाही. पाळकसाहेबांच्या लक्षात आलं तसा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला, पण तो फक्त मलाच दिसला. बाकी सगळे वाट बघत होते. मीही सवयीने उभी राहिले होते आणि सवयीने तोंड उघडलं. गळ्यातून नुसती हवा आली, स्कार्फ हलला. धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं मला. कुणीतरी मुसमुसलं, बाईंना भरून आलं असेल असं समजून.

तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला. यांचा.

"प्रभू," एवढं म्हणून हे थांबले. मला वाटलं, आता म्हणतील सुलूने मागितलं तेच. "प्रभू, हिचा आवाज परत दे. आमेन."

आणि मटकन खाली बसले. शर्ट घामाने भिजला होता. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची प्रार्थना केली आणि तीही आभार न मानता. सासूबाई असत्या तर खाकरून खाकरून बेजार झाल्या असत्या.

रोज तेच

तेव्हापासून घरच्या प्रार्थनेत यांचं हेच सुरू झालं. "प्रभू, हिचा आवाज परत दे. आमेन." रोज संध्याकाळी, वरणभाताच्या वाफेवर, एकच वाक्य.

माझी पाळी यांनी काढून टाकली नाही. माझी वेळ आली की सगळे गप्प बसायचे, मी मनात प्रार्थना करायची, झालं की टेबलावर दोनदा टकटक करायचं, मग बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. पण खरं सांगू? मी प्रार्थना करतच नव्हते. नियम असा की आधी आभार. माझ्याकडे आभार नव्हते, शोधून सापडत नव्हते. आणि आभाराशिवाय मागायची मला सवय नाही. म्हणून मी दारातच अडकून पडायचे. जरा वेळ भाजीच्या भांड्याकडे बघायचे आणि टकटक करायचे. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी प्रार्थना करणारी मी, मला आता स्वतःची करता येईना. आवाज गेला तो गेला, पण हेही गेलं की काय, याची मला जास्त भीती वाटायची.

एकदा यांना पाटीवर लिहून दाखवलं. "अहो, आवाजाची पेटीच काढून टाकलीय. आवाज परत कुठून देणार तो?"

"ते त्याचं तो बघेल."

"नाही म्हणालाय तो. कळत नाही का?"

यांनी शांतपणे वाचलं. "कारखान्यात स्टोअरवाला नाही म्हणाला तरी आम्ही मागणी लिहून ठेवायचो. नाहीतर त्याला कळणार कसं, की ती वस्तू आम्हाला हवी होती?"

मी पाटी पुसली.

मधल्या काळात मला गळ्याला लावून बोलायचं यंत्र मिळालं होतं. बटण दाबून गळ्यावर धरायचं आणि ओठ हलवायचे. त्यातून पिठाच्या गिरणीसारखा घुर्रर्र आवाज येतो, पण शब्द कळतात. भाजीवाल्याशी त्यातूनच भाव करते, आणि तो घाबरून पटकन भाव कमी करतो, तेवढा एक फायदा. पण प्रार्थनेला ते यंत्र मी कधी लावलं नाही. देवासमोर हा आवाज काढायचा नाही, असा हट्टच होता माझा. माझा चांगला आवाज त्याने नेला ना? मग हा त्याला ऐकवणार नाही. इतकी चिडले होते मी त्याच्यावर.

आता बास

नंतर एका तपासणीला डॉक्टर म्हणाले, सगळं स्वच्छ आहे, कुठे काही नाही. ग्रेसी तिथेच रडायला लागली. मलाही आनंद झाला, नाही कशाला म्हणू? पण घरी येताना गाडीत मला दिसायला लागलं, की संध्याकाळ होईल, आपण जेवायला बसू, आणि हे परत तेच म्हणतील. मी पाटी काढली.

"आता आवाज मागणं बास करा. रोज संध्याकाळी तुम्ही माझ्या जखमेवर बोट ठेवता. मला सहन होत नाही."

यांनी चष्मा लावून वाचलं. दोनदा वाचलं असावं. मग म्हणाले, "बरं," आणि स्वतःच बटण दाबून पाटी पुसली.

त्या दिवशी ग्रेसी जेवायला थांबली होती. पहिली पाळी तिची. तिने अर्ध्या मराठीत अर्ध्या इंग्रजीत रिपोर्टबद्दल आभार मानले. मग यांची.

"प्रभू, तुझे आभार," हे म्हणाले. यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. "रिपोर्ट चांगला आला, त्याबद्दल आभार. आणि हिचा आवाज होता, त्याबद्दल. सकाळी मला हाका मारायची. दूध उतू जातंय म्हणून ओरडायची. माझी प्रार्थना पण तीच करायची. पुष्कळ वर्षं दिलास. चांगला होता. आमेन."

"आमेन," ग्रेसी म्हणाली.

आमच्यात माणसाला पुरतात तेव्हा असेच आभार मानतात. देवा, याला इतकी वर्षं आमच्यात ठेवलंस, त्याबद्दल आभार, आणि मग सगळे मूठमूठ माती टाकतात. मी अशा किती मातीच्या प्रार्थना केल्या असतील. त्या टेबलाशी बसून मला कळलं, की आज माझ्या आवाजाला माती दिली. साखळी केव्हाच तुटली होती, मंडळीतले लोक आपापल्या पोराबाळांच्या प्रार्थनेला लागले होते, त्यांना दोष नाही. एकच माणूस रोज मागत होता, आणि त्याचं तोंड मी स्वतः बंद केलं. आता या जगात माझा आवाज परत मागणारं कुणी राहिलं नव्हतं. मला इतकं एकटं ऑपरेशनच्या टेबलावरही वाटलं नव्हतं.

माझी पाळी. दोघं डोळे मिटून वाट बघत होती. मी टकटक करायला हात उचलला, आणि मग ताटाशेजारी ठेवलेलं यंत्र घेतलं. गळ्याला लावलं. बटण दाबलं.

"प्रभू," गिरणी घुरघुरली. ग्रेसीने दचकून डोळे उघडले. "तुझे आभार. हे रोज मागत होते, त्याबद्दल."

यंत्र गळ्यावरून सरकलं. परत नीट धरलं.

"यांना उद्यापासून परत मागू दे."

मग मी थांबले, आमेनसाठी. कुणी म्हणेना. ग्रेसीने ओढणीचा बोळा तोंडात धरला होता. यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं आणि खांदे हलत होते. वरण निवत चाललं होतं. प्रार्थना अशी उघडी टाकून तर जेवता येत नाही.

मग मीच म्हटलं. आमेन.